कोकणातल्या रेतीत डिटेक्टरला काय ऐकू येतं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत पाच दिवस नागपूरहून सहकुटुंब गुहागरला चालले आहात, दहा-बारा हजारांचा मेटल डिटेक्टर ऑनलाइन मागवून ठेवला आहे, तो समुद्रावर चालेल का, काही सापडेल का, पोलीस धरतील का? आणि घरून म्हणणं असं, की त्या दांड्याच्या जागी मुलांचे दोन जोड कपडे बसतात. या शेवटच्या मुद्द्यावर मी घरच्यांच्याच बाजूचा. पण मशीन आणलीच आहे, तर ती काय करू शकते आणि काय नाही, हे नीट सांगतो.

माझी नोकरी खाणीतला कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरचे डिटेक्टर सांभाळण्यात गेली. खाणीतल्या शॉव्हेलचा, म्हणजे मोठ्या खोदयंत्राचा, तुटलेला दात कोळशाबरोबर क्रशरमध्ये गेला तर केवढ्याला पडतं, ते त्या कामातल्या माणसालाच ठाऊक. तो दात पट्ट्यावरच पकडायचा, एवढंच माझं काम. हातातली मशीन हा नंतर लागलेला नाद. गेली सोळा-सतरा वर्षं वर्षातून एकदा तरी कोकणात नाहीतर गोव्याला तिला फिरवून आणतो. मध्यभारतातल्या माणसाला समुद्राचं वेड जास्त असतं म्हणतात, ते माझ्यापुरतं खरं आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: मशीनला सोनं कळत नाही. दांड्याच्या टोकाच्या चकतीतून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, रेतीतल्या धातूत त्यामुळे विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात, आणि त्या भोवऱ्यांचं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. ते किती जोराचं आहे आणि किती उशिरा आलं, एवढंच मशीन मोजते आणि त्यावरून एक आकडा दाखवते. धातू कोणता, जाड किती, आकार कसा, वेढा बंद आहे की उघडा, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून पुस्तिकेतला 'इथे सोनं, इथे चांदी, इथे कचरा' असा तक्ता कोकणात फारसा उपयोगाचा नाही. तो परदेशी किनाऱ्यावरच्या नाण्यांवरून आणि परदेशी कचऱ्यावरून बनवलेला असतो. आपली नाणी वेगळी, दागिने वेगळे, आणि कचरा तर फारच वेगळा.

नाण्यांचंच पाहा. एक आणि दोन रुपयांची आत्ताची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, आणि ते स्टील चुंबकाला चिकटणारं. घरी चुंबक लावून पाहा. तुम्ही मशीनला 'लोखंड गप्प कर' असं सांगितलं की ती या नाण्यांनाही गप्प करते. पिवळं पाच रुपयांचं नाणं आणि दोन रंगांचं दहाचं मात्र स्वच्छ वाजतं. जुनं वीस पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं, दहा पैशांचं नक्षीदार कडेचं, तीही वाजतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली, पण रेतीतून गेली नाहीत. माझ्याकडे एक बरणी भरली आहे, कोणी घेत नाही.

आता दागिने. बंद वेढ्याची अंगठी हा डिटेक्टरचा सर्वात आवडता आकार, कारण भोवऱ्याला फिरायला पूर्ण वाट मिळते. तीच अंगठी कुठे तुटलेली असेल तर आवाज एकदम पडतो. जोडव्याचा वेढा उघडा असतो, त्यामुळे चांदीचं असूनही ते अपेक्षेपेक्षा हळू बोलतं. आणि सोन्याची साखळी, जी हरवली म्हणून लोक सर्वात जास्त रडतात, ती जवळजवळ मुकी असते. दोन तोळ्यांची असली तरी मशीनला ती दोन तोळ्यांची वस्तू दिसत नाही. तिला दिसतात शे-दोनशे चिमुकल्या कड्या, प्रत्येकीत स्वतःचा इवलासा भोवरा. पोतीतले काळे मणी काचेचे, त्यांचा आवाजच नाही. ऐकू आलं तर डोरलं ऐकू येईल, नाहीतर साखळीचा फासा, तोही अर्ध्या वितीच्या आत असेल तर.

आणि सोन्याच्या नेमक्या त्याच आकड्यावर काय येतं? कोकणात पहिला मान शिशाचा. मासेमारीच्या जाळ्याला खाली ओढायला शिशाचे गोळे आणि नळ्या लावतात, जाळी झिजली की त्या किनाऱ्यावर येतात. शिसं जड, गोल, गुळगुळीत, आणि आकडा अगदी मध्यम जाडीच्या अंगठीचा. पहिल्या वर्षी मी दर शिशाला 'आली, आली' म्हणून गुडघ्यावर बसायचो. दुसरा मान क्वार्टरच्या ॲल्युमिनियमच्या टोपणांचा, विशेषतः गोव्यात. तिसरा औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा आणि सिगारेटच्या चांदीचा. खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूची) प्लास्टिकची पन्नी मात्र वाजत नाही. (आपल्या माणसांनी तिथेही ती टाकलेली असतेच, पण मशीनच्या दृष्टीनं ती निरुपद्रवी.) बिअरच्या बाटलीचं दातेरी टोपण तर पक्कं ढोंगी: आहे लोखंडाचं, पण पसरट असल्यामुळे चांदीसारखा उंच सूर लावतं. कॉइल एका बाजूनं हळूच सरकवत नेली आणि कडेला आवाज तुटक, खरखरीत झाला तर समजा टोपण आहे. हे कानाला कळायला दोन-तीनशे टोपणं खणावी लागतात, दुसरा उपाय नाही.

म्हणून माझा सल्ला असा की समुद्रावर जाण्याआधी घरी शिका. लाकडी पाटावर, लोखंडी सळ्यांच्या स्लॅबपासून उंच धरून, आईची अंगठी, बायकोची जोडवी, नथ, डोरलं, मुलीची बारीक साखळी, एकेकाचा आकडा आणि आवाज वहीत लिहून घ्या. मग शिशाचा तुकडा, टोपण, गोळ्यांचं पाकीट, नाणी. हा तुमचा स्वतःचा तक्ता. तो परदेशी तक्त्यापेक्षा शंभर पटीनं खरा.

दुसरा प्रयोग तर करायलाच हवा. बांधकामावरची कन्हान नदीची रेती एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात भरा. कोरडीवर कॉइल फिरवा, शांत असेल. मग एका लिटरला 35 ग्रॅम मीठ या हिशेबानं पाणी करून ती रेती चिंब भिजवा. समुद्राचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. आता पुन्हा फिरवा. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या स्वस्त मशीनला ती सगळी रेतीच धातू वाटू लागते. पहिल्या सहलीला ओल्या पट्ट्यात पाऊल टाकलं तेव्हा मशीननं जो कल्ला केला, तो मारबतीच्या मिरवणुकीत मधोमध उभं राहिल्यासारखा होता. मला वाटलं बिघडली. बिघडली नव्हती, तिची जातच ती.

त्यामुळे तुमची दहा-बारा हजारांची मशीन कोरड्या रेतीपुरती आहे, असं धरून चला. ओल्यात चालवायचीच असेल तर सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणा, कॉइल रेतीपासून दोन बोटं वर आणि कायम त्याच उंचीवर ठेवा, हात हलका ठेवून चाल अर्धी करा. खोली मिळणार नाही, पण डोकं शांत राहील. ओल्या रेतीसाठी खरं तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवणारी मशीन लागते, तिला याहून बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. नाहीतर पल्स इंडक्शन जातीची मशीन, जी मीठ आणि काळी रेती दोन्ही पचवते, खोलही जाते, पण लोखंड की सोनं हे जवळजवळ सांगत नाही. जे वाजेल ते सगळं खणायचं. पाच दिवसांच्या सुट्टीसाठी यातलं काहीही घेऊ नका.

काळ्या रेतीचं वेगळं सांगतो. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइट, मॅग्नेटाइट यांसारख्या जड खनिजांचे काळे पट्टे दिसतात. मशीन त्यावर नेली की ती एकतर सतत गुरगुरते, नाहीतर बहिरी होते. खिशात एक चुंबक ठेवा, रेतीतून फिरवून त्याला काळी दाढी फुटली तर तिथे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज गप्प करण्याची जुळणी, नव्यानं करा. पण तो पट्टा टाळूही नका. लाटेनं जिथे जड खनिज आणून ठेवलं, तिथेच ती बाकीचं जडही ठेवते. साध्या रेतीचा कण पाण्याच्या 2.65 पट जड, शिसं 11.3 पट, सोनं 19.3 पट. शिशाचे गोळे, जाड शिंपले, गोटे आणि काळी रेती एका ओळीत दिसली की ती ओळ सोडू नका. मी दोनदा अंगठी काढली ती अशाच ओळीत, आणि दोन्ही वेळा आजूबाजूला मूठभर शिसं होतं. शिशाला शिव्या देणं मी तेव्हापासून बंद केलं.

सरावासाठी नागपुरात जागा कुठली, हेही विचारलंत. ओळखीच्या माणसाचं शेत, त्याला विचारून. बस. फुटाळा-अंबाझरी तलावांच्या काठावर नको, कामठीच्या छावणीकडे तर चुकूनही नको. आणि काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, तिकडे मशीन घेऊन पाऊलही टाकू नका. लोहयुगातल्या माणसांची ती दफनं, पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या उत्खननात अशाच वर्तुळांखाली लोखंडी अवजारं आणि तांब्याचे दागिने मिळाले, हे वाचून काही पोरांचे डोळे चमकतात. त्या वस्तूला जी किंमत आहे ती ती कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती यामुळे आहे. उपटून काढलेला खिळा हा नुसता गंजका खिळा. शिवाय तुरुंगाची वाट वेगळी.

आता भरती-ओहोटी, म्हणजे खरा मुद्दा. नागपूरचा माणूस दहा वाजता नाश्ता करून किनाऱ्यावर जातो, बरोबर भरतीच्या तोंडावर. कोकणातल्या म्हाताऱ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. तुमची सहल दिवाळीतली, म्हणजे लक्ष्मीपूजनाची अमावास्या, पंधरावी तिथी. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकराला भरती आणि रात्री साधारण तेव्हाच पुन्हा. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर, म्हणजे पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला. पाडव्याला तिथी पुन्हा एकपासून, म्हणून या हिशेबानं भरती पाऊण वाजता, भाऊबीजेला दीडला. अमावास्येनंतरची ही उडी सोडली तर रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. म्हणजे पाडव्याची ओहोटी सकाळी साडेसहाच्या आसपास, भाऊबीजेची साडेसातच्या. ठिकाणानुसार थोडं मागेपुढे होतं, पण एवढ्या अंदाजावर बेत ठरतो. अमावास्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा दूर मागे जातं आणि एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. तुम्हाला न ठरवता उत्तम मुहूर्त लागला आहे. पाडव्याच्या सकाळी ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, पाण्याच्या मागे मागे उतरत जा, पाणी वळलं की त्याच्या पुढे पुढे वर या. घरचे उठायच्या आत तुम्ही परत आलेले असाल, भांडण नाही.

हंगामही बरा आहे. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची रेती ओरबाडून आत नेतात, दिवाळीनंतर शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. मे महिन्यात जे हातभर खाली गाडलेलं असतं, ते पावसानंतर वितीवर आलेलं असू शकतं. वितीभर म्हणजे आठ-नऊ इंच, नाण्याएवढ्या वस्तूसाठी साध्या मशीनची हद्द तिथेच संपते.

फिरायचं कुठे? अख्खा किनारा नको. लोक जिथे वाकतात, उड्या मारतात, कपडे बदलतात, तिथे. भेळेच्या गाड्यांसमोरची कोरडी रेती नाण्यांसाठी, क्रिकेटची जागा चांगली, बनाना बोटीत चढण्या-उतरण्याची जागा त्याहून चांगली. अंगठ्या मात्र पाण्यात पडतात, गुडघा ते कमरेएवढ्या, कारण तिथे लाट हात ओढते. ओहोटीला तोच पट्टा उघडा होतो. चालताना रेतीवर पायानं रेघ ओढत जा, परतीला रेघेच्या शेजारून या. कॉइल झोपाळ्यासारखी टोकाला वर उचलली जाते, ही नवशिक्यांची चूक. झाडू मारताना केरसुणी फरशीवरून उचलत नाही, तसं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे.

खणायला जाळीचं खोरं लागतं. मी इतवारीतल्या लोहा ओळीतून स्टीलचा पत्रा घेऊन वेल्डरकडून करून घेतलं, भोकं आठ मिलिमीटरची. ऑनलाइनवाल्यापेक्षा निम्म्यात पडलं आणि दुप्पट टिकलं. ते नसेल तर सरळ मोठा झारा न्या, हसू नका, कोरड्या रेतीत झारा उत्तम चालतो. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा. पहाटे धावणाऱ्याचा पाय मुरगळला तर गाव पुढच्या वेळी कोणालाच मशीन फिरवू देणार नाही. आणि काढलेला कचरा पुन्हा रेतीत टाकू नका, कमरेला पिशवी बांधा.

हरवलेली वस्तू शोधून देण्यात ही मशीन सर्वात चांगली वापरली जाते, असं माझं मत आहे. एका सहलीत अमरावतीकडच्या एका नवऱ्यामुलाची अंगठी कमरेएवढ्या पाण्यात गेली. त्याच्या बायकोनं एक शहाणपणाचं काम केलं: ती जागची हलली नाही, आणि नवऱ्याला म्हणाली, 'ते वाकडं नारळाचं झाड आणि मागची पाण्याची टाकी एका रेषेत आहे, लक्षात ठेव.' दुसरी रेषा तिनं बाजूच्या खडकाची धरली. पुढच्या ओहोटीला मी त्या दोन रेषा जिथे छेदत होत्या तिथे दोरी टाकून आठ पावलं बाय आठ पावलांचा चौकोन आखला. पाऊण तास फक्त शिसं. मग घट्ट थराला टेकून बसलेली अंगठी मिळाली, चार बोटं खाली. तिनं त्या दोन रेषा धरल्या नसत्या तर मी आठवडाभर फिरून रिकाम्या हातानं आलो असतो. तुमच्याकडून असं काही हरवलं तर आधी जागेवर उभं राहा, मग ओरडा.

कायद्याचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची लोक गल्लत करतात. कोणीतरी काल हरवलेली अंगठी हा गुप्तधनाचा मामला नाही; ती त्या माणसाचीच आहे. मालक कळत असताना किंवा शोधता येत असताना ती ठेवून घेतली तर तो अपहार, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली. हॉटेलात, जीवरक्षकांकडे, पोलीस ठाण्यात कळवा. याउलट जमिनीत कोणी पुरून ठेवलेलं मिळालं तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, कुठे आणि कधी मिळालं ते सांगायचं, आणि ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तारण द्यायचं. दडवलं तर वर्षापर्यंत कैद. ही दहा रुपयांची मर्यादा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे, त्यामुळे आज तिच्या खाली काहीच बसत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा मूर्ती असेल तर 1972 चा पुरावशेषांचा कायदाही आला. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा, असे किल्ले संरक्षित आहेत. त्यांच्या पायथ्याची रेती दिसायला कितीही मोहक असली तरी मशीन खोलीवर ठेवा.

गुहागरात पहिल्या दिवशीच पोलीस ठाण्यात जाऊन ओळखपत्र दाखवा, कुठे आणि किती वाजता फिरणार ते सांगा, नको म्हणाले तर नको. मुंबईवर हल्ला करणारे 2008 मध्ये समुद्रातूनच आले होते, त्यामुळे पहाटे कानाला हेडफोन लावून दांडा फिरवणारा अनोळखी माणूस पाहून गावकऱ्यांनी हटकलं तर रागावू नका. मला एका ठिकाणी दोन तास बसवून ठेवलं होतं. चहा चांगला होता.

दोन जागा स्वतःहून सोडा. एक, भरतीच्या रेषेच्या वरची मऊ, उंच रेती. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात. हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि कासवाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण. ट्रॅक्टरच्या चाकासारखी पावलांची रेघ दिसली तर त्या भागात कॉइलही फिरवू नका, वनखात्याला कळवा. दुसरी, जिथे अस्थी विसर्जन होतं ती जागा, हरिहरेश्वरसारखी. तिथल्या रेतीत तांब्याची नाणी असतात, मृताच्या तोंडी घातलेला सोन्याचा मणीही असू शकतो. मशीन छान वाजते. मी तिथे बंद करून खांद्यावर टाकतो.

आणि गुडघ्यापुढे पाण्यात जायचं नाही. आपण अंबाझरीच्या काठावर वाढलेली माणसं, आपल्याला पाणी म्हणजे न हलणारं वाटतं. हेडफोन एका कानावरच ठेवा, दुसरा लाटेसाठी. नळकांडं किंवा डब्यासारखं काही अनोळखी धातूचं मिळालं तर उचलू नका, खूण करून पोलिसांना सांगा.

बहुतेक अशा मशीनमध्ये कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही; पुस्तिका वाचून खात्री करा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, कॉइलचं झाकण काढून आतली रेतीही काढा, नाहीतर तीच ओली रेती आत बसून दिवसभर खोटी वाजत राहते.

सापडेल काय? चार सकाळी मन लावून फिरलात तर शे-सव्वाशे रुपयांची नाणी, अर्धा किलो शिसं, टोपणांची एक पिशवी, नशीब असेल तर एखादं जोडवं.

राहिलं सामान. दांड्याचे तीन तुकडे होतात, टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत तिरपे बसतात, मुलांचे कपडेही बसतात. स्टेशनच्या स्कॅनरवर विचारतील, पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चिपळूणपर्यंतची गाडी लांबची आहे, खोरं मात्र सीटखाली साखळीनं बांधा. माझं पहिलं खोरं भुसावळलाच कोणाबरोबर तरी उतरून गेलं.